चांदणीची पोळी

प्रभाकाकूंच्या घरची पहिली पोळी माणसाने खाल्लेली मी कधी पाहिली नाही. राजेंद्र नगरात त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या ओट्याकडे उघडायची. सकाळी तवा तापला की पहिली पोळी तूप आणि गूळ लावून, घडी घालून खिडकीच्या कठड्यावर ठेवली जायची. त्यानंतर घरच्यांच्या पोळ्या. श्रीकांत, त्यांचा मुलगा, शाळेची वेळ झाली म्हणून कितीही कटकट करू दे, कठड्यावरच्या पोळीला हात लावायची त्याची टाप नव्हती. "ती तिची आहे. तुझा नंबर दुसरा. लाइनवर राहा," असं काकू त्याला आतून सांगायच्या.

ती म्हणजे गाय. त्या वेळी गल्लीत जी गाय येत असेल ती. एक म्हातारी झाली की दुसरी यायची, पोळीची जागा तीच असायची.

'लाइनवर राहा' हे काकूंचं पालुपद होतं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन ऑपरेटरची. ट्रंक कॉल लावून देणाऱ्या बायकांतल्या त्या शेवटच्या. आवाज असा स्वच्छ की दुधवाल्याशी भांडत असल्या तरी पलीकडच्या गल्लीत शब्द न् शब्द कळावा. गॅसवर दूध उतू जायला लागलं तर बोलणाऱ्या माणसाला त्या "होल्ड करा" म्हणून आत जायच्या आणि परत आल्यावर "हां, बोला, लाइन क्लिअर आहे" म्हणायच्या. मी ऑडिटच्या खात्यात. आकड्यांचा ताळा जमेपर्यंत मला झोप येत नाही, हे त्यांनी आम्ही राहायला आलो त्याच महिन्यात ओळखलं आणि माझं नाव बदलून टाकलं. माझ्या बायकोला त्या नीलिमा म्हणायच्या, मला मात्र शेवटपर्यंत ऑडिटर.

त्या देवभोळ्या होत्या असं मात्र मला म्हणता येणार नाही. उपास धरायच्या नाहीत. खजरान्याच्या देवळात वर्षातून एकदा, तेही श्रीकांत आला तर. काका गेल्यानंतर लोकांनी सांगितलेल्या बऱ्याचशा गोष्टी त्यांनी केल्या नाहीत. पण पोळी चुकली नाही. मी एकदा सरळ विचारलं, की बाकी काही मानत नाही, मग हेच कसं. काकू पोळपाट पुसत होत्या. म्हणाल्या, "अरे, आईचं दूध सुटलं की हिचं सुरू होतं ना? आई मेल्यावरही हिचं चालूच. मग हिला आई नाही तर काय म्हणायचं, मॅडम?"

"आणि ते तेहतीस कोटी देव?"

"ते एक्स्चेंज आहे रे. सगळी कनेक्शनं एकाच ठिकाणी. वेगवेगळं फिरायला नको." एवढं बोलून त्या स्वतःच हसल्या. मग हसणं थांबवून म्हणाल्या, "घरात शिजलं की पहिला वाटा ज्याला मागता येत नाही त्याचा. माझी आई एवढंच सांगायची. पुढचं मला माहीत नाही."

चांदणी त्यांच्या आयुष्यातली शेवटची गाय. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका. नाल्यापलीकडे राहणाऱ्या नंदराम ग्वाल्याची. धार काढून झाली की तो तिला मोकळी सोडायचा आणि ती थेट काकूंच्या फाटकाशी येऊन शिंगाने कडी वाजवायची. "आली बाई, आली. किती घंटी मारशील," असं म्हणत काकू बाहेर जायच्या. पोळी खाऊन झाल्यावर गाय लगेच जायची नाही. काकू तिच्या गळ्याखालची लोंबती कातडी खाजवत उभ्या राहायच्या आणि ती मान लांब करून डोळे मिटायची. त्या वेळी काकू तिच्याशी काय बोलायच्या ते मला कळलं नाही. एवढा मोठा आवाज असलेली बाई, पण ते बोलणं आमच्या ओट्यापर्यंत कधी पोचलं नाही.

मग शहरातली गुरं शहराबाहेर हलवायचं ठरलं. रस्ते स्वच्छ झाले, हे खरं आहे आणि मला ते आवडलंही. मी तसं काकूंना बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शहर चकाचक झालं भिया, मान्य. पण माझं कनेक्शन कापलं." नंदरामने धंदा बंद केला आणि जनावरं राऊच्या पुढे एका गोशाळेत देऊन टाकली. काही दिवस पोळी कठड्यावर वाळत राहिली. मग कॉलनीत गोशाळेची रिक्षा यायला लागली. सकाळी भोंगा वाजवत यायची, बायका घराघरांतून पोळ्या आणून तिच्यातल्या टोपलीत टाकायच्या. काकूही टाकायच्या, पण चेहरा पत्र पोस्टाच्या पेटीत टाकल्यासारखा. पोचलं की नाही कोण सांगणार? शेवटी चांदणी नेमक्या कुठल्या गोशाळेत आहे ते त्यांनी फोन करकरून शोधलं. दर रविवारी मी त्यांना स्कूटरवर घेऊन जाऊ लागलो. पहिल्या रविवारी गोठ्याच्या टोकाकडून त्यांनी नुसतं "चांदणी" म्हटलं आणि दावणीतल्या सगळ्या माना खाली असताना एकच मान वर झाली.  घरी आल्यावर नीलिमाला म्हणाल्या, "लागला फोन."

पुढे जे घडलं ते सांगायला मला आवडत नाही, पण त्याशिवाय काकू कळणार नाहीत.

दिवाळी आली. पहिला दिवस वसुबारसेचा. आपल्याकडे त्या दिवशी गाय-वासराची पूजा असते आणि कॉलनीत तर आता शेपूटसुद्धा दिसत नव्हतं. चांदणी नुकतीच व्याली होती. कालवड झाली होती, आईसारखीच तांबडी, कपाळावर तसाच ठिपका. पूजेला सवत्स गाय लागते आणि गाय-वासरू एकाच रंगाचं असलं तर फारच चांगलं. काकूंनी कॉलनीतल्या मराठी बायकांना फोन लावले, एक बस ठरवली. बस भरून बायका निघाल्या. नैवेद्य जिने तिने आपापल्या घरून आणलेला. उडदाचे वडे, भात, लाडू, पुरण. केळीची पानंही होती. मी सामान उचलायला म्हणून गेलो होतो.

गोशाळेत गायी पुष्कळ होत्या, पण वासरू पाजणारी, अंगाला हात लावू देणारी आणि रंगानेही जुळणारी ही एकच जोडी. त्यामुळे सगळ्यांना चांदणीच हवी. गर्दी झाली तशी काकूंनी तिचं दावं हातात घेतलं आणि आपला ऑफिसातला आवाज काढला. "एक एक करून! ढकलाढकली नको. सगळ्यांचा नंबर लागेल." बाई पुढे यायची, खुरांवर पाणी घालायची, कुंकू लावायची, ओवाळायची आणि पान पुढे करायची. चांदणी खात होती. काकूंनी दावं धरलेलं असताना तिने कशाला नाही म्हणायचं?

गोशाळेचं काम पाहणारे कैलाशजी दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा जरा वैतागूनच म्हणाले, "माताजी, अब बस करो. पेट है उसका, भंडारा नहीं।"

"अहो भियाजी, साल में एक दिन आता है," काकू म्हणाल्या. "आज तिचा मान आहे. आज नाही खायचं तर कधी?"

बायका हसल्या. मीही हसलो. नंबर पुढे सरकत राहिले. सगळ्यांत शेवटी काकूंनी आपल्या पिशवीतून भाकरीवर गूळ काढला, कारण त्या दिवशी गहू चालत नाही, आणि चांदणीने तोही खाल्ला. बसमध्ये बायकांनी गाणी म्हटली. काकू खिडकीशी बसून ताल धरत होत्या.

दुसऱ्या दिवशी कैलाशजींचा फोन आला. चांदणीची डावी कूस फुगली होती, ती बसून होती आणि रवंथ करत नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा जनावरांचे डॉक्टर नळी घालून उठत होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की गाईचं पोट चाऱ्यासाठी असतं. एकदम इतकं शिजवलेलं अन्न पडलं की ते आत आंबतं आणि मग सगळं थांबतं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. हे त्यांनी सणासुदीला बऱ्याच वेळा पाहिलं असावं. काकू जमिनीवर बसून चांदणीचं डोकं मांडीवर घेण्याचा प्रयत्न करत होत्या. ते पेलत नव्हतं. कालवड कासेपाशी ढुशा देत होती. त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत गाय गेली.

परत येताना काकूंनी कैलाशजींकडून चांदणीचं दावं मागून घेतलं.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे त्यांना हिशेब समजावला. म्हटलं, "काकू, बस भरून बायका होत्या. प्रत्येकीने घातलं. नीलिमानेही घातलं. तुमच्या एका भाकरीने काय होतंय? तुमच्या वाट्याला यातलं येऊन येऊन किती येणार?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू बेरीज बरोबर करतोस, ऑडिटर," त्या म्हणाल्या, "पण दावं माझ्या हातात होतं. तो माणूस बस म्हणाला आणि दावं माझ्या हातात होतं."

 

काकूंचं लहानपण देवासकडच्या एका खेड्यात गेलं होतं. तिथे कुणाची गाय खुंट्याला बांधलेली मेली तर तो माणूस तिचं दावं गळ्यात घालून घर सोडायचा. उंबऱ्याच्या आत यायचं नाही, मागून खायचं, आणि मागताना माणसासारखं बोलायचं नाही, गाईसारखं हंबरायचं. असा एक म्हातारा त्यांच्या दारात आलेला त्यांनी लहानपणी पाहिला होता. त्यांच्या आईने त्याला सुपात भाकरी घातली आणि आत येऊन रडली. हे त्यांनी आम्हाला दिवाळीच्या पाडव्याला सांगितलं. आमच्या ताटात लाडू तसेच राहिले.

कॉलनीतल्या गुरुजींना प्रायश्चित्त विचारायला त्या मला घेऊन गेल्या. गुरुजी सज्जन माणूस. म्हणाले, अजाणता घडलं आहे, दोष नाही. तरी मनाला वाटत असेल तर एक पाठ करू, चांदीची छोटी गाय दान देऊ, विषय संपला. काकूंनी नमस्कार केला आणि पायऱ्या उतरल्यावर म्हणाल्या, "रॉन्ग नंबर."

दावं त्यांनी गळ्यात घातलं नाही. एकविसाव्या शतकात कॉलनीत तमाशा नको, एवढं त्यांना कळत होतं. ते त्यांनी स्वयंपाकघराच्या दारामागच्या खिळ्याला अडकवलं आणि बोलणं टाकलं. सकाळी उठल्यापासून दुपारी जेवेपर्यंत शब्द नाही. आधी आम्हाला वाटलं, चार दिवसांचं आहे. भाजीवाला गंमत करायचा, "अम्माजी का सिग्नल गया क्या?" मग त्यानेही सोडून दिलं. सकाळी त्यांच्या खिडकीतून फक्त लाटण्याचा आवाज यायचा. ज्या बाईच्या आवाजावर आम्ही घड्याळ लावायचो तिच्या घरातली ती शांतता नीलिमाला सहन होईना. ती मुद्दाम रेडिओ मोठा लावायची. काकूंनी हे मौन शेवटपर्यंत पाळलं. दुपारी बोलायच्या, थट्टाही करायच्या, पण आवाजातलं काहीतरी कायमचं खाली गेलं होतं.

पहिली पोळी थांबली नाही. फक्त ती तळहाताएवढी झाली. तूप नाही, गूळ नाही. "घास म्हणजे घास," असं त्या आता म्हणू लागल्या. "आपण घास द्यायचा होता. मी पंगत वाढली."

आणि त्या रिक्षाशी जाऊन उभ्या राहू लागल्या. सकाळचं मौन असल्यामुळे बोलायच्या नाहीत. कुणी टोपलीत भात टाकला, शिळ्या पुऱ्या टाकल्या, लग्नघरचा उरलेला शिरा टाकला, की हात घालून ते बाहेर काढायच्या आणि त्या बाईला परत द्यायच्या. दुपारी त्याच बाईकडे जाऊन हिरवा चारा का द्यायचा ते समजावून सांगायच्या. काहीजणी ऐकायच्या. काहीजणी नाही. पलीकडच्या गल्लीतली एक बाई, जिच्या घरी रोज गोपूजेची भली मोठी तयारी असायची, तिने एकदा परत दिलेल्या शिऱ्याचं भांडं हातात घेऊन सगळ्यांसमोर म्हटलं, "एक को तो खिला-खिला के मार दिया, अब बाकियों को भूखा मारेगी!"

मी फाटकाशीच होतो. पुढे झालो. काकूंनी हात आडवा केला.  टोपलीच्या काठाला शिरा लागला होता तो त्यांनी पदराने पुसला आणि घरात गेल्या. दुपारी मी त्या बाईबद्दल वाईट बोलायला लागलो तर म्हणाल्या, "पहिलं वाक्य तर खरं होतं ना रे. मग दुसऱ्याचा राग कशाला करायचा?"

गोशाळेत त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. चाऱ्याच्या पेंढ्या माझ्याबरोबर पाठवायच्या. मला तिथे ती कालवड दिसायची. कैलाशजींनी दुसऱ्या गाईला लावून ती जगवली होती आणि तिलाही चांदणीच म्हणायला लागले होते. ती मोठी होत होती, मान तशीच लांब करायची. एका रविवारी मी घरी येऊन बोलायला सुरुवात केली, "काकू, ते वासरू आहे ना..." त्यांनी तळहात वर केला. "ती लाइन जोडू नकोस, ऑडिटर. तिच्या आईला मी नेलं. तिला मी काय तोंड दाखवू?" मी पुन्हा विषय काढला नाही.

अशी काही वर्षं गेली. यंदा थंडीत त्यांची मूत्रपिंडं थकली. दवाखान्यातून त्यांनी स्वतःच घरी आणायला लावलं. श्रीकांत पुण्याहून आला. दिवस थोडे आहेत हे डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं आणि त्यांना न सांगता कळलं होतं. गुरुजी येऊन बसले. म्हणाले, गोदानाचा संकल्प करून घेऊ. गाईची शेपूट धरून वैतरणी पार करायची असते. गाय काही इथे आणता येणार नाही, पण गोशाळेतल्या एका गाईच्या नावाने संकल्प सोडता येतो. श्रीकांतने आईचा हात हातात घेतला. "आई, करू या ना."

काकूंनी डोळे उघडले. सकाळ होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या सकाळी बोलल्या. "नको. जिला मी या हाताने घालवली तिच्याच जातीची शेपूट धरून पलीकडे जाऊ? कुठल्या तोंडाने? मी अलीकडेच थांबेन. सांग गुरुजींना."

श्रीकांत बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिला. तो यातलं फारसं मानणारा नाही. पण आई नदीच्या अलीकडे एकटी थांबणार म्हणते, हे त्याला ऐकवेना. मला म्हणाला, "काका, तुम्ही सांगा ना तिला." मी काय सांगणार होतो? माझा हिशेब तर त्यांनी केव्हाच परत केला होता.

दोन दिवस त्या पडून होत्या. तिसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आधी त्यांनी मला खुणेने जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता, कान तोंडाशी न्यावा लागला.

"ते वासरू आहे का?"

"आहे, काकू. गाय झाली आता. चांगली आहे."

 मग म्हणाल्या, "कणीक आण."

नीलिमाने कणकेची एक गोळी आणि पोळपाट आणून त्यांच्या उशाशी धरला. लाटणं हातात राहीना. त्यांनी बोटांनीच गोळी दाबली, थोडी थांबून पुन्हा दाबली. वेडीवाकडी, एका बाजूने जाड, तळहाताएवढी पोळी झाली. नीलिमाने ती भाजून स्वच्छ फडक्यात बांधली. काकूंनी माझं मनगट धरलं.

"तिच्यापुढे धर. ओढूनताणून नको. नाही खाल्ली तर नाही खाल्ली सांग. गोड करून सांगू नकोस."

"नाही सांगणार."

"आणि खाल्ली तर लगेच फोन नको. रवंथ करायला लागली की मग कर." मग जरा दम घेऊन, "तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुला पाठवते आहे."

मी स्कूटर काढली. राजेंद्र नगर ते गोशाळा हा रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी तो संपेना. कैलाशजी गेटवरच भेटले. त्यांना सांगितलं तर ते मला तिच्यापाशी घेऊन गेले. ती सावलीत उभी होती. मी पोळी पुढे धरली. तिने वास घेतला, माझ्या मनगटाचाही घेतला आणि मान वळवली.

"रुको, थोड़ा गुड़ लगा देता हूं," कैलाशजी म्हणाले.

"नको, भिया. जशी आहे तशीच."

मी हात पुढे धरून उभा राहिलो. हाताला कळ लागली तेव्हा दुसऱ्या हातात धरली. आजूबाजूच्या गाई येऊन हुंगत होत्या, कैलाशजी त्यांना हाकलत होते. ही नुसती माशा वारत होती. मी लहानपणापासून देवळात मन लावून काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्या दुपारी मी त्या गाईकडे मागत होतो. खा ग बाई. केव्हातरी तिने मान परत फिरवली, खरखरीत जीभ माझ्या बोटांवरून गेली आणि पोळी गेली.

श्रीकांतचा फोन आला. "काका, तुम्ही निघा. तिचा श्वास बदललाय."

"तिला सांग, खाल्ली."

तो आत जाऊन बोलल्याचं मला ऐकू आलं. मग परत फोनवर आला. रडत होता. "बोट हलवतेय. अजून काहीतरी विचारतेय. काय सांगू? सांगू का, सगळं झालं म्हणून?"

"नाही. अजून झालं नाही. फोन ठेवू नकोस, तिच्या कानाशी धर. लाइनवर राहा म्हणावं."

गाय उभी होती. मग ती भिंतीच्या सावलीला गेली, पुढचे गुडघे मोडले आणि बसली. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. तिच्या गळ्याखालची लोंबती कातडी स्थिर होती. मी फोन कानाला लावून तिच्या जबड्याकडे पाहत राहिलो. पलीकडून एकेक लांबलेला श्वास येत होता आणि दोन श्वासांमधलं अंतर वाढत चाललं होतं. कैलाशजींनी टोपी काढून हातात घेतली होती. एकदा गाईच्या गळ्यात खालून वर काहीतरी सरकल्यासारखं झालं, मग जबडा आडवा हलला, मग पुन्हा.

"काकू," मी म्हटलं, "रवंथ करतेय."

काही उत्तर आलं नाही. मी फोन गाईच्या तोंडाजवळ नेला. सुकं गवत पायाखाली येतं तसा तो आवाज होता, सावकाश, एका लयीत. बराच वेळ मी हात तसाच धरून ठेवला. परत कानाला लावला तेव्हा पलीकडे श्रीकांत आई म्हणून हाक मारत होता.

तो म्हणतो, आईने ऐकलं. शेवटी तिचं बोट थांबलं आणि चेहरा सैल झाला, असं त्याने पाहिलं. नीलिमाही तेच म्हणते. त्या दोघांचं खरं असावं अशी माझी इच्छा आहे. पण मी फोनच्या या टोकाला होतो, त्यामुळे काकूंनी ऐकलं की नाही हे मी सांगू शकत नाही. मला एवढंच सांगता येतं की मी खोटं बोललो नाही. गाय रवंथ करत होती.